समुद्राकडची खोली नको: पर्यटनाचे परिणाम घराच्या मागील दारातून पाहताना

प्रश्न असा आला आहे. एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला मालवण तालुक्यातल्या तारकर्ली-देवबाग पट्ट्यात घरगुती न्याहरी-निवासाचा तिथल्या कुटुंबांवर काय परिणाम झाला, यावर प्रबंध लिहायचा आहे. तिला गावात राहून सहभागी निरीक्षण करायचं आहे, म्हणजे तिथल्या माणसांच्या रोजच्या कामात सामील होऊन पाहायचं आणि टिपायचं आहे. मार्गदर्शकांचं म्हणणं आहे की ही पद्धत व्यक्तिनिष्ठ आहे, त्यापेक्षा दोनशे प्रश्नावल्या भरून आण. तिचे प्रश्न तीन: किती दिवस राहायचं, रोज काय लिहायचं, आणि शेवटी ‘हे पर्यटनामुळेच झालं’ असं म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. सहभागी निरीक्षणच करा. प्रश्नावलीही करा, पण ती शेवटी, छोटी, आणि गावात राहून जे कळलं त्यातून बेतलेली. क्रम उलटा केलात तर दोनशे कागद भरतील आणि तुमचा विषय जिथल्या तिथे राहील. माझं पहिलं वर्ष असंच गेलं, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

पहिल्या खेपेला मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊनच गेले होते. ‘पर्यटनामुळे आपल्या कुटुंबाचा फायदा झाला असे आपणांस वाटते काय?’ आणि खाली पाच पर्याय. ज्या घरात मी पैसे भरून राहत होते, तिथल्या काकूंनी कोकम सरबताचा पेला माझ्यापुढे ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “फायदो झालो ओ. खूप बरा झाला.” मी ‘पूर्णपणे सहमत’च्या चौकोनात खूण केली. त्या दिवशी आणखी दहा घरं फिरले आणि दहाही ठिकाणी त्याच चौकोनात खूण करून संध्याकाळी परत आले.

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्या पाहुण्याशी बोलत होत्या. पाहुण्याचं मन राखणं, त्याला घरातली कटकट न दाखवणं हा त्यांचा रोजगार, आणि मी तर त्यांच्याच खोलीत उतरलेली. शेतीकर्जाचा किंवा बालविवाहाचा अभ्यास करणारा गावात बाहेरचा असतो. पर्यटनाचा अभ्यास करणारा शिवाय गिऱ्हाईकही असतो. ही अडचण आपल्या विषयाची खास आहे. प्रश्नावलीचे शब्द बदलून ती सुटत नाही, तुम्ही घरात कुठे बसता ते बदलावं लागतं.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५९ मध्ये माणसांच्या वागण्याला रंगमंचाची उपमा दिली, पुढची बाजू आणि पडद्यामागची बाजू. डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये ती पर्यटनाला लावली आणि दाखवलं की पर्यटकाला पडद्यामागचं पाहायची ओढ असते, म्हणून त्याच्यासाठी पडद्यामागचंही मांडून ठेवलं जातं. पुस्तकात हे वाचताना अवघड वाटतं. कोकणातल्या घरात ते वास्तूतच आखलेलं आहे. पुढे खळं म्हणजे अंगण, आणि पडवी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी मागील दार. पाहुणा पडवीपर्यंत येतो. हौशी पाहुण्याला ‘चुलीवरची भाकरी’ दाखवायला स्वयंपाकघरात नेतात, फोटो काढू देतात. मागील दारी, जिथे भांडी घासली जातात, मासे साफ होतात आणि बायका दोन मिनिटं टेकतात, तिथे त्याला कुणी नेत नाही. तुमचं काम तिथे आहे.

मी तिथे कशी पोचले ते सांगते, कारण पद्धतीच्या पुस्तकांत ‘प्रवेश मिळवणे’ असा एक परिच्छेद असतो आणि त्यात नेमकं काय करायचं ते नसतं. पुढच्या वर्षी मी त्याच घरी गेले, पण जाण्याआधी फोनवर सांगितलं की अभ्यासाला येते आहे, तीन आठवडे राहीन, खोली नको, घरातल्या माणसांबरोबर झोपेन, आणि हाताला काम द्या. काकू गडबडल्या. “तुका काय येता?” म्हणून त्यांनी विचारलं. मला भाकरी धड येत नव्हती. अक्षर बरं होतं. म्हणून बुकिंगची वही माझ्याकडे आली.

ती वही म्हणजे बँकेने दिलेली जुनी डायरी. एका पानावर एक दिवस, आडव्या रेघा मारून खोल्यांचे रकाने, नाव, माणसं किती, शाकाहारी किती, ॲडव्हान्स किती. सगळं निळ्या पेनाने. मे महिन्याची पानं चाळताना दुसऱ्या आठवड्यात एक नाव पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. आडनाव घरचंच. माणसं चार. ॲडव्हान्सचा रकाना कोरा. नाव खोडरबराने पुसलेलं होतं, पण दाब देऊन लिहिलेलं असल्याने वाचता येत होतं, आणि त्याच्यावर निळ्या पेनाने पुण्याच्या कुणा कुटुंबाचं नाव होतं. पुढे जूनच्या पाच तारखेला तेच घरचं आडनाव पुन्हा पेन्सिलने.

ते मुंबईचे धाकटे दीर. घर दोघा भावांचं, सातबारावर दोघांची नावं. पूर्वी हे चाकरमानी कुटुंब शाळेला सुट्टी लागली की यायचं आणि महिनाभर राहायचं. पोरं खळ्यात झोपायची, फणस फोडायला सगळे बसायचे. खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून मे म्हणजे ऐन हंगाम. मी वहीबद्दल काही विचारलं नाही. चार दिवसांनी मागील दारी बांगडे साफ करताना काकू आपणहून बोलल्या, “भावजी आता फोन करून इचारतत, ‘मे म्हयन्यात येव काय?’ पयले कधी इचारूक नाय.” एवढंच बोलून त्यांनी पाणी ओतलं आणि उठल्या.

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं राहिलं. पर्यटनाने त्या घरात पैसा आणला, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्यातून झालं, आणि त्याच वेळी स्वतःच्या घरी यायला भावाला विचारावं लागू लागलं. ‘पर्यटनामुळे नातेसंबंधांवर परिणाम झाला का?’ असं मी आदल्या वर्षी त्याच काकूंना विचारलं होतं. उत्तर होतं, ‘नाही’. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. भांडण झालं नव्हतं, अबोला नव्हता. उलट त्या दिरानेच मुंबईतल्या कचेरीतले ओळखीचे लोक पाहुणे म्हणून पाठवले होते आणि त्याचा त्याला अभिमान होता. जे बदललं होतं त्याला प्रश्नावलीत नावच नव्हतं. आता मी जी छोटी प्रश्नावली वापरते तीत एक प्रश्न असतो: ‘मुंबईची माणसं गेल्या मे महिन्यात किती दिवस राहिली? खोल्या सुरू करण्याआधी किती दिवस राहायची?’ हा प्रश्न मला घरी बसून कधीही सुचला नसता.

आता पद्धतीबद्दल. ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून राहिले, स्थानिक भाषा शिकले, आणि तिथून ‘राहून अभ्यास’ ही गोष्ट मानववंशशास्त्रात प्रतिष्ठित झाली. रेमंड गोल्ड यांनी १९५८ मध्ये निरीक्षकाच्या चार भूमिका मांडल्या: पूर्ण सहभागी, निरीक्षण करणारा सहभागी, सहभाग घेणारा निरीक्षक आणि पूर्ण निरीक्षक. परीक्षेसाठी चारही पाठ करा. प्रत्यक्षात तुमची जागा यातली दुसरी, निरीक्षण करणाऱ्या सहभागीची. गावाला माहीत असतं की तुम्ही अभ्यासाला आला आहात, आणि तरीही तुमच्या हातात घरचं काम असतं. ओळख लपवून, नुसती पर्यटक किंवा नुसती कामवाली बनून राहण्याच्या फंदात पडू नका. ते अनैतिक आहेच, शिवाय त्या गावात चार दिवसही टिकणार नाही. तुमचं आडनाव, तालुका, कुणाच्या ओळखीने आलात, हे पहिल्या संध्याकाळपर्यंत वाडीभर झालेलं असतं.

कुणाच्या घरी उतरता यावर पुढे कोण तुमच्याशी मोकळं बोलणार ते ठरतं. किनाऱ्याला लागून मच्छीमारांची वस्ती, थोडं आत माडाच्या बागा असलेली घरं, आणि त्यांच्यात जातीचे, जमिनीचे, रापणीतल्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यातल्या, वाट्याचे जुने हिशेब असतात. ज्याच्याकडे किनाऱ्याला जमीन त्याच्याकडे खोल्या. ज्याच्याकडे नाही, त्याच्या घरातली माणसं त्या खोल्या झाडायला जातात किंवा बोटीवर रोजाने असतात. फक्त खोल्यांच्या मालकिणीकडे राहिलात तर मालकिणीचं पर्यटन दिसेल. मुक्कामाचा निदान एक भाग झाडायला येणाऱ्या बाईच्या वाडीत काढा. मी हे पहिल्या दोन वर्षांत केलं नाही आणि माझ्या जुन्या लेखनातली ती उणीव मला आजही टोचते.

बाईमाणूस म्हणून तुम्हाला मागील दार उघडं आहे, ते तुमच्या वर्गातल्या मुलाला मिळणार नाही. रात्री बोटी ओढून झाल्यावर किनाऱ्यावर बसलेल्या पोरांच्या घोळक्यात मात्र त्याला जागा मिळेल, तुम्हाला नाही. तिथेच बोटीचं कर्ज, दारू, पर्यटकांशी झालेल्या हाणामाऱ्या हे विषय निघतात. शक्य असेल तर जोडीने काम करा. नसेल तर आपल्याला काय दिसलं नाही ते प्रबंधात स्पष्ट लिहा.

किती दिवस, याचं उत्तर दिवसांत देण्यापेक्षा पंचांगात द्यायला हवं. त्या किनाऱ्याचं वर्ष दिवाळीपासून सुरू होतं, नाताळात फुगतं, शनिवार-रविवारच्या लाटांवर चालतं आणि मे महिन्यात कळसाला पोचतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, समुद्र खवळलेला, जलक्रीडा बंद, खोल्यांना कुलपं. मग नारळी पौर्णिमा, आणि मग चतुर्थी, जेव्हा कितीतरी घरं पाहुण्यांना सरळ नाही म्हणतात कारण गणपतीला मुंबईची माणसं येणार असतात. एम.ए.च्या वेळापत्रकात वर्षभर राहणं जमणार नाही, म्हणून तीन मुक्काम करा: मे महिन्यात दोन आठवडे, जुलैत दोन, डिसेंबरच्या शेवटी दहा दिवस. यातला जुलै कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त तोच देऊन जातो. हंगामात माणसं काम करतात, पावसात बोलतात. मे महिन्यात ‘सगळा बरा आसा’ म्हणणारी माणसं जुलैत चुलीपाशी बसून कुणाचं किती कर्ज, कुठल्या पाहुण्याने काय बोल लावले, मुलाने मासेमारी सोडून बोट चालवायला घेतली ती पुढे झेपेल का, हे सगळं सांगतात. चतुर्थीला बोलावलं तर जरूर जा. घर पुन्हा घरच्यांचं झालेलं तेव्हा दिसतं.

लिहिण्याबद्दल मी कडक आहे. ज्या दिवसाचं त्या दिवशी, झोपण्यापूर्वी. दिवसभर खिशातल्या छोट्या वहीत नुसते शब्द टिपा, ‘पेन्सिल’, ‘दोनदा चहा’, ‘येस सर’ असे. समोरच्या माणसापुढे वही उघडून बसू नका. रात्री त्या शब्दांवरून पूर्ण टिपण लिहा आणि तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. माझ्या एका मे महिन्यातल्या वहीतला तुकडा देते:

‘पाहिलं: सकाळी पावणेसात. सून घावने काढते आहे, सासू नारळ खवते आहे. पहिल्या खोलीतून चहा दुसऱ्यांदा परत, साखर जास्त म्हणून. सून पडवीत जाऊन “येस सर, सॉरी सर” म्हणते, आत येते, दारातच आवाज बदलतो. नवा चहा ठेवते. पाच वर्षांचा मुलगा घावना मागतो, “थांब, पावण्यांचा होऊंदे.” तो चुलीपाशी उकिडवा बसून राहतो. सव्वाआठला खातो.

ऐकलं: सासू, सुनेला: “साखर कमीच घाल आता सगळ्यांका.” सून: “मगे तिसरे खोलयेतले बोंबलतले.”

वाटलं: मुलाला थांबायची सवय झालेली दिसते. रडत नाही. हे रोजचं की आजचंच? उद्या पाहणे. घरच्या सणाच्या दिवशीही तो असाच थांबतो का?’

‘वाटलं’मध्ये शेवटी प्रश्न आहे आणि त्याच्यापुढे ‘उद्या पाहणे’ आहे, तिकडे लक्ष द्या. त्यानंतर मी नऊ सकाळी त्या मुलाच्या खाण्याची वेळ लिहिली आणि जुलैत पुन्हा लिहिली. सहभागी निरीक्षणात आकडे नसतात ही समजूत चुकीची आहे. कोण किती वाजता उठतं, कोण शेवटी जेवतं, विहिरीचा पंप दिवसातून किती वेळा लावला जातो, पाहुण्यांशी कुठल्या भाषेत बोलणं होतं, सून दिवसात किती वेळ बसलेली असते, हे सगळं मोजता येतं आणि मोजावं. मार्गदर्शकांना दाखवायला हेच हाती असेल.

टिपणांची प्रत रोजच्या रोज दुसरीकडे ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात राहून काम केलं. त्या कामाची वर्षानुवर्षं प्रक्रिया केलेली टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या अभ्यासिकेला लागलेल्या आगीत जळाली आणि पुढे त्यांना बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं. ते त्यांना साधलं. आपल्याला साधेल या भरवशावर राहू नये. तुमच्याकडे मोबाइल आहे, रोज पानांचे फोटो काढून मेलवर टाका, पण मेलला पासवर्ड नीट ठेवा. त्या पानांत दुसऱ्यांची आयुष्यं असतात.

‘वाटलं’चा रकाना वेगळा ठेवण्याचा आग्रह का, तर मी त्यातच एकदा सपशेल चुकले होते. मे महिन्यात रोज पाहत होते की सुरमई आणि पापलेट पाहुण्यांच्या ताटात जातं आणि घरची माणसं मागाहून तारले नाहीतर सुकटाच्या कोशिंबिरीवर जेवतात. मी लिहून टाकलं: पर्यटनाने घरच्यांच्या ताटातला चांगला मासा काढून घेतला. वाक्य जोरकस होतं, एका चर्चासत्रात वाचलंही. पुढच्या पावसाळ्यात मी ते घरी वाचून दाखवलं, तेव्हा आजी म्हणाल्या, “सुरमय आमी आधी तरी खय खाल्ली? ती व्यापाऱ्याकडे जाय.” चांगला मासा पूर्वीही विकायचाच असे, लिलावात जायचा आणि ट्रकने शहराकडे निघून जायचा. आता तो गावातच शिजतो आणि शिजवण्याची मजुरीही घरात राहते. मी जे पाहिलं ते खरं होतं, त्याचं कारण मात्र मी बसवलेलं होतं. ते प्रकरण मी बदललं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला १९९७ मध्ये. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली जानेवारी १९९८ मध्ये. म्हणजे पर्यटन आणि रेल्वे हातात हात घालून आले. पाठोपाठ मोबाइल, मग रस्ते, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ. मुंबईच्या गिरण्यांचा जुना आधार त्याआधीच सुटलेला. पर्ससीन जाळ्यांमुळे, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्यांमुळे, पारंपरिक मच्छीमारांची होणारी ओढाताण ही आणखी वेगळी कहाणी. या सगळ्यातून ‘पर्यटनाचा परिणाम’ तेवढा चिमटीत धरून काढता येतो असं समजू नका. त्याच्या जवळ जाता येतं. त्याच वाडीतलं, तेवढ्याच जमिनीचं, पण खोल्या न केलेलं एखादं घर तेवढ्याच बारकाईने पाहा. त्या घरातली मुलंही मासेमारी सोडत असतील, तर ते खोल्यांमुळे झालं असं म्हणता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घरांची आकारणी असते, त्यात कुठल्या वर्षी कुठल्या घराला खोल्या वाढल्या ते सापडतं, आणि माणसांच्या आठवणीतलं ‘आधी’ व ‘नंतर’ त्याच्याशी ताडून पाहता येतं. आठवण विचारताना वर्ष विचारू नका. मुलगी कितवीत होती, विहिरीवर पंप कधी बसला, फयानचं वादळ आधी की नंतर, असं विचारा. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ते त्या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही.

आणि किनाऱ्यावर उभ्या राहा, घरातच अडकू नका. रापण ओढताना पाहिली आहे का? होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंचे दोर माणसं ओढत आणतात, दोन तास, कधी जास्त. तिथे हात लावायला कुणी नाही म्हणत नाही, म्हणून शिकाऊ निरीक्षकाला याच्याइतकी चांगली जागा नाही. मी दोराला असताना पर्यटकही येऊन दोर धरतात, फोटो होईपर्यंत ओढतात आणि सोडतात. त्यांनी सोडला की मागच्या माणसाच्या हाताला हिसका बसतो. पहिल्यांदा मला हे नुसतं दिसलं. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताची सालं निघाली तेव्हा मला कळलं की म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, पर्यटकांना पाहून पोरांना ‘मागे सरा’ असं का खुणावतात. जाळं आल्यावर मासळीचे वाटे पडतात, त्यात जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हाताचा वाटा. तिथे उभे राहून मोजा की दोराला किती जण पन्नाशीच्या वरचे आहेत आणि तिशीच्या खालचे किती. मग नजर फिरवून पॅरासेलिंगच्या बोटींवर तेच मोजा. रापणीला किनाऱ्याची मोकळी पट्टी लागते, पाण्यातल्या खेळांनाही तीच पट्टी लागते, आणि कोण कोणाला कधी जागा करून देतं हे नुसतं पाहत राहिलात तरी एक प्रकरण होईल.

सिद्धान्तांबद्दल थोडंच सांगते. जी. व्ही. डॉक्सी यांनी १९७५ मध्ये बार्बेडोस आणि कॅनडातल्या नायगारा-ऑन-द-लेकच्या निरीक्षणांवरून एक शिडी मांडली: गाव आधी पर्यटकांमुळे हरखतं, मग त्याला त्यांचं काही वाटेनासं होतं, मग ते वैतागतं आणि शेवटी वैरावर येतं. तुमचे मार्गदर्शक ती घालायला सांगतील. घाला. पण मी एकाच बाईला एकाच दिवसात या चारही पायऱ्यांवर पाहिलं आहे. सकाळी चहा परत आला तेव्हा वैताग, दुपारी नव्या पाहुण्यांच्या लहान मुलीला कडेवर घेऊन माड दाखवताना खराखुरा आनंद, संध्याकाळी काहीच नाही, आणि रात्री खळ्यात तुळशीजवळ कुणीतरी बिअरची बाटली ठेवली तेव्हा जे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं त्याला वैर म्हणायला हरकत नाही. सकाळी तिने ती बाटली उचलली, तुळशीपुढची जागा धुतली आणि न्याहरी वाढली. शिडी पूर्ण गावाची आहे, माणसाची नाही, हे प्रबंधात लिहायला लाजू नका.

आणखी एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या फुएन्तेराबिया गावात आलार्दे नावाचा उत्सव होतो. पर्यटकांना नीट पाहता यावा म्हणून १९६९ मध्ये नगरपालिकेने तो एकाच दिवशी दोनदा करायचं ठरवलं. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीनवूड यांनी १९७७ मध्ये लिहिलं की संस्कृती विकायला काढली की तिचा अर्थ मरतो. पुढे १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच त्या निष्कर्षाला मुरड घातली, कारण तो उत्सव बास्क लोकांसाठी वेगळा, राजकीय अर्थ घेऊन जिवंत राहिला होता. पुन्हा जाऊन पाहिलं आणि मत बदललं तर तो पद्धतीचा दोष धरू नका. मार्गदर्शक ‘व्यक्तिनिष्ठ’ म्हणतात तेव्हा त्यांना तुमची तीन रकान्यांची वही, मोजलेल्या वेळा, खोल्या नसलेलं घर आणि नमुना ८ दाखवा. तुम्ही कोण, कुठल्या घरी राहिलात, कुठे जाऊ शकला नाहीत, हेही पहिल्या प्रकरणात लिहा. प्रश्नावलीवालाही कुणाच्या तरी पडवीत बसूनच खुणा करत असतो, फक्त ती पडवी तो लिहीत नाही.

परवानगीची गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. घरच्यांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे पाहुण्यांनी म्हटलं असं होत नाही. त्यांच्या बोलण्यातलं काही वापरायचं तर त्यांनाही सांगा. गावात नावं बदलून काही लपत नाही: ‘दोन खोल्या असलेली, नवरा वारलेली बाई’ एवढं लिहिलं की वाडीतल्या पोरालाही कळतं कोण. मी दोन-तीन घरांचे तपशील एकत्र करते, आणि जे ओळखीचं राहतंच ते घरी वाचून दाखवल्याशिवाय छापत नाही. पेन्सिलच्या नोंदीची हकीकतही काकूंना आणि दिराला वाचून दाखवली आहे. दिरांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, लिहा.

काही गोष्टी तुम्हाला कळतील त्या वहीतही लिहू नका. भरतीरेषेपासून किती अंतरावर कुणाची खोली आहे, कुणाची नोंदणी झालेली नाही, कुठे काय परवान्याशिवाय विकलं जातं. सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर मर्यादा घालणारे, नियम आणि किनाऱ्यावरची जुनी घरं यांचं जे चालू आहे त्यात तुमच्या प्रबंधाचा एक परिच्छेद कुणाच्या घरावर नोटीस आणू शकतो. मोठ्या बांधकामांबद्दल लिहायचं असेल तर सरकारी कागद मिळवून त्यांच्यावर लिहा. ज्या घरात तीन आठवडे जेवलात, त्या घराबद्दल तिथे विश्वासाने ऐकलेलं कागदावर उतरवू नका.

आणि पैशाचं. फुकट राहू नका, जेवणाखाणाचे पैसे ठरवून द्या, कामाशी त्याची वजावट मांडू नका. जाताना वहीचं काम कुणातरी मुलीला शिकवून जा. मी गेल्यावर ती डायरी सुनेने चालवायला घेतली आणि आता ती मोबाइलवर ठेवते. मुंबईच्या माणसांसाठी तिने वेगळा रंग ठेवला आहे, असं तिनेच गेल्या चतुर्थीला मला दाखवलं.

आता तुमच्या हातात एप्रिल आहे. या आठवड्यात एक घर निवडा, फोन करा, अभ्यासाला येते आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि त्यांनी प्रेमाने समुद्राकडची खोली देऊ केली तर नको म्हणा. माजघरात चटईला जागा आहे का, ते विचारा.